भंडाऱ्याची पुडी

मी पहिला घास तोंडात घातला आणि यमुनाक्का दारातूनच बोलत आत आल्या.

"जेव, जेव. उठू नकोस. तू ताटावर बसायचीच वाट बघत होते मी."

जेवताना मी बोलत नाही. लग्न झालं त्या वर्षी चातुर्मासापुरतं धरलेलं मौन, पुढे सोडावंसं वाटलं नाही, राहिलं ते राहिलंच. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे जिला मन मोकळं करायचंय पण सल्ला मात्र नकोय, ती बाई बरोबर साडेबाराला आमच्याकडे येते. यमुनाक्का तर माझ्या ताटातल्या भाकरीच्या मापानं बोलायच्या. अर्धी भाकरी असली तर सुनेपुरतं, अख्खी असली तर सगळ्या खानदानाचं.

त्या दिवशी ताटात दीड भाकरी होती.

यमुनाक्का रासने म्हणजे आमच्या गावच्या कासारीण. साठीला टेकलेल्या, पण बाईचा हात हातात घेतला की बोटं न चेपता बांगडी चढवायच्या. मंगळवारच्या बाजारात त्यांची पालाखालची जागा ठरलेली. त्यांनी पेटी खाली ठेवली, पदरानं मान पुसली आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या.

"नयनानं फॉर्म भरला," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. नगरपालिकेच्या निवडणुकीला त्यांची सून उभी राहिल्याचं सगळ्या गावाला कळलं होतं. आमचा प्रभाग त्या वर्षी बायकांसाठी राखीव झाला होता. दोन वेळा निवडून आलेल्या ढोणेअण्णांनी त्यामुळे आपल्या बायकोला, चंद्रकलावहिनींना, उभं केलं होतं. त्यांच्यासमोर कुणीच नव्हतं. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात नयना टायपिंगचा क्लास अर्ध्यावर सोडून गेली आणि फॉर्म भरून आली.

"का भरला म्हणून विचारलं, तर काय म्हणती माहीताय? म्हणती, आत्या, तुम्ही मंगळवारी सकाळपासनं पाण्याचा घोट घेत न्हाई, मी तीन वर्षं बघतीय. बाजारतळावर बायकांसाठी मोरी न्हाई, आडोसा न्हाई. ती बांधून घेणार, म्हणून भरला." यमुनाक्कांनी नाक ओढलं. "आता माझ्या लघवीवरनं निवडणूक लढवणारी सून कुणाला मिळती गं?"

मला हसू आलं. घास तोंडात होता म्हणून ते डोळ्यांतच ठेवलं.

"हसू नकोस. पुढचं ऐक. मी भंडारा उचलून बसलेय."

मी ताटातून मान वर केली.

"ते हळदीकुंकू न्हाई का झालं ढोण्यांच्या बंगल्यावर? दिवाळीनंतर. संक्रांत न्हाई, चैत्र न्हाई, तरी आपल्या सगळ्या गेल्या नटूनथटून. मीबी गेले. स्टीलचा डबा मिळतोय म्हटल्यावर कोण घरात बसतंय. कुंकू लावलं, अत्तर लावलं, आणि मग उजव्या हातावर भंडारा ठेवला. खंडोबाचा. मला वाटलं प्रसाद. तर ती चंद्रकलाची जाऊ म्हणती, म्हणा माझ्यामागं, मल्हारीची आण, आमचं मत चंद्रकलावहिनीला. सगळ्यांनी म्हटलं. मीबी म्हटलं. वर त्याच भंडाऱ्याची पुडी बांधून दिली, देव्हाऱ्यात ठेवा म्हणून. तेव्हा समोर कुणी उभंच नव्हतं गं. मला काय स्वप्न पडलं होतं माझीच सून उभी राहायची?"

माडीच्या जिन्यावर आमची भाडेकरू शर्वरी कधी येऊन बसली होती कुणास ठाऊक. तिच्या मांडीवर वही होती.

"पण आजी," ती म्हणाली, "मशीनवर तुम्ही कोणतं बटण दाबलं ते कोणाला दिसून राहिलं?"

"आजी कुणाला म्हणतीस? काकू म्हण."

"बरं, काकू. कोणाला कळते?"

"खंडोबाला कळतंय," यमुनाक्का म्हणाल्या आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. "मंदा, तू वसे घेणारी, व्रतं करणारी बाई. तू सांग. दिलेली आण परत घेता येती का?"

माझ्या ताटात अजून पाऊण भाकरी होती. मी ती सावकाश खाल्ली. ताक प्याले. हात धुतला. आणि मग म्हणाले, "आक्का, मला यातलं काही बोलता येणार नाही."

"आता तर जेवण झालं तुझं."

"जेवणाचं नव्हे. मी सही केलीय."

ही सही म्हणजे काय ते सांगायला हवं.

शर्वरी वैरागडे नागपूरकडची. पुण्याच्या विद्यापीठात संशोधन करत होती, आणि त्यासाठी आमच्या माडीवरची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. निवडणुकीत लोकांचं मन नेमकं कशानं वळतं, हा तिचा विषय. आमचे हे म्हणाले, "त्याला पुण्यात कशाला शिकायचं? माझ्या दुकानात बस, कळेल." ह्यांचं स्टँडसमोर शिंप्याचं दुकान. निवडणूक आली की सगळ्यांचे झेंडे एकाच मशीनवर शिवून निघायचे, फक्त रीळ बदलायचं.

शर्वरीनं प्रभागातली घरं तीन भागांत वाटली होती. काही घरांना मतदान करा म्हणून छापील पत्र. काही घरांत आम्ही दोघींनी समक्ष जाऊन विनंती करायची. आणि काही घरांना काहीच नाही, त्यांच्याकडे नुसतं बघायचं. निवडणुकीआधी दोनदा आणि नंतर एकदा सगळीकडे जाऊन प्रत्येकाचा नंबर घातलेली चिठ्ठी एका बंद पेटीत टाकून घ्यायची, तुमचं मत कुणाकडे म्हणून. ती परकी, तिला दारात उभं कोण करणार? म्हणून सोबतीला मी. मला जे वाचायचं ते ती कागदावर लिहून द्यायची आणि मी तेवढंच वाचायची.

कामाला सुरुवात करायच्या आधी तिनं मला एक कागद दिला. 'मी कोणत्याही मतदाराच्या मतावर परिणाम होईल असे काही बोलणार नाही व करणार नाही.'

"साधं आहे न काकू, सगळेच करतात सही," ती म्हणाली.

तिला साधं असेल. मी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून मग सही केली. एक प्रत तिला दिली आणि एक अन्नपूर्णेच्या पाटाखाली ठेवली. बावीस वर्षांत मी घेतलेलं एकही व्रत मोडलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण त्याचा मला थोडा तोराही होता.

यमुनाक्का गेल्यावर शर्वरी जिन्यावरून उड्या मारतच खाली आली.

"काकू, हे मला पहिलेच काहून नाही सांगितलं? किती बायांनी भंडारा उचलला?"

"मी गेले नव्हते. त्या दिवशी माझा प्रदोष होता."

दोन दिवसांत तिनं शोधून काढलं. बासष्ट बायका. वहीत त्या बासष्ट नावांसमोर तिनं पिवळ्या पेन्सिलीनं खूण केली. रात्री पुण्याला तिच्या मॅडमना फोन लावला, तो मला माडीखाली ऐकू येत होता. पत्र, भेट, भाषण या सगळ्यावर जगात ढिगानं लिहिलं गेलंय, पण हे कुणाकडेच नाही, असं काहीतरी ती सांगत होती. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला माझ्याशेजारी येऊन बसली.

"बघा काकू, माणूस चारचौघांत तोंडानं जे कबूल करते न, ते तो एकट्यात पण निभावते. त्यातून देवाचं नाव. या बासष्टातल्या साठ तरी ढोण्यांच्याच. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यावर उभं राहून राहिलंय."

"आणि त्यांना तसं द्यायचं नसेल तर?"

"त्याच्यातच तर मजा आहे. नसेल द्यायचं तरी देतील."

मी पोळी उलटली. "तुझ्या पुस्तकांत असं काही आहे का गं, दिलेली शपथ परत कशी घ्यायची?"

तिनं विचार केला. "नाही बा. शपथ घेववायची कशी, यावर खूप आहे. सोडवायची कशी, यावर कोणी नाही लिहिलं." मग माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत म्हणाली, "काकू, तुमची सही आहे बरं."

"मला आठवण आहे."

आठवण होती, म्हणूनच तर झोप येईना. कारण शपथ कशी सोडवायची हे शर्वरीच्या पुस्तकांत नसलं तरी मला येत होतं. आमच्यात कुठलंही व्रत नुसतं टाकून देत नाहीत, त्याचं उद्यापन करतात. ज्याचं नाव घेऊन धरलं, त्याच्या ओंजळीत परत ठेवतात आणि नमस्कार करून मोकळं होतात. भंडारा म्हणजे तरी काय, खंडोबाची हळद. ती त्यालाच परत वाहिली तर आण कुठे उरते? असं कुठल्या पोथीत लिहिलंय म्हणाल तर नाही. पण मी चार बायकांना सांगितलं असतं तर चारही जणींनी ऐकलं असतं. आणि ते मला माहीत होतं, म्हणूनच सांगायचं नव्हतं.

त्या आठवड्यात ज्या घरी जाऊ तिथे तेच. कागद वाचून झाला की शर्वरी पेटी आवरायला वळायची आणि बाई माझा पदर ओढायची.

"मंदावहिनी, ते भंडाऱ्याचं काय करायचं हो? मला नयनाला द्यायचंय. मुतारी होईल बाजारात."

"मला नाही बोलता येणार, बाई."

"बोलू नका. नुसती मान हलवा."

मी मानही हलवली नाही. चंद्रकलावहिनी वाईट नव्हत्या हो. मला कधी वावगं बोलल्या नाहीत. पण हातावर प्रसाद ठेवून त्याची बेडी करायची, हे काही माझ्या पचनी पडेना.

गुरुवारी चंपाषष्ठी आली, रविवारी मतदान होतं.

चंपाषष्ठी आमच्या घरी दरवर्षीच असते. आषाढापासून सोडलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी पुन्हा खायचा. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि आधी तळी भरायची. तळी म्हणजे ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवून पाचजणांनी ते ताम्हन येळकोट म्हणत तीनदा वर उचलायचं. बऱ्याच घरी हे पुरुषांचं काम. माझ्या माहेरी बायकाही उचलायच्या, ती चाल मी इथं आणली होती. दरवर्षी सात-आठ बायका येतात.

त्या वर्षी मी गल्लीभर बोलावणं केलं. आणि प्रत्येकीच्या दारात एक वाक्य जादा म्हणाले, "येताना घरातला भंडारा आणा. जो असेल तो."

बस. याच्यापुढे एक अक्षर नाही. नयनाला बोलावलं नाही, चंद्रकलावहिनींनाही नाही. शर्वरी त्या दिवशी मॅडमना भेटायला पुण्याला गेली होती. मी स्वतःला सांगत राहिले की दरवर्षीचीच तर पूजा आहे.

एकतीस बायका आल्या. सोप्यात मावेनात, म्हणून ह्यांनी दुकानातली सतरंजी अंगणात टाकली आणि स्वतः मागच्या दारानं सटकले. जाताना म्हणाले, "एवढ्या बायका आणि एकीच्याही ब्लाउजचं माप बाकी नाही. मी थांबून काय करू?"

ताम्हन मधोमध ठेवलं. बायका कडेनं बसल्या. प्रत्येकीच्या मुठीत कागदाची पुडी होती. बघितल्यावरच कळलं की सगळ्या पुड्या एकाच कागदाच्या आहेत, गुलाबी, कडेला छापील नक्षी असलेल्या. ढोण्यांकडच्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी विड्याच्या पानांकडे.

"घाला," मी म्हणाले.

कुणीच हललं नाही. एकीनं पुडी अर्धी सोडली आणि परत मिटली. देवाची आण, हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. पुढे व्हायचं कुणी?

तेव्हा यमुनाक्का उठल्या. बांगड्या वाजवत पुढे आल्या, पुडी सोडली आणि सगळा भंडारा ताम्हनात ओतला. शेवटची चिमूट झटकून कागद उलटा करून दाखवला, बाजारात गिऱ्हाइकाला रिकामी पेटी दाखवतात तसा.

"देवाचं देवाला," म्हणाल्या. "चला गं. भरीत थंड होतंय."

मग काय, रांगच लागली. ताम्हन पिवळं पिवळं होऊन गेलं. आम्ही पाचजणींनी उचललं, येळकोट झाला, आणि त्या दिवशीसारखा आवाज आमच्या अंगणात पुन्हा कधी झाला नाही. पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली.

पानं वाढली. चार महिन्यांनी वांग्याचा वास आलेला, मी पानावर बसले. समोर सुताराची कुसुम बसली होती. ती पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, म्हणजे आता आम्ही मोकळ्या ना?"

सगळ्या अंगणाचं बोलणं एकदम थांबलं.

घास माझ्या बोटांत होता. मी तो उचलून तोंडात घातला.

जेवताना मी बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. कुसुम हसली. शेजारची हसली. मग सगळ्याच हसल्या आणि भरीत पुन्हा वाढा म्हणून ओरडा सुरू झाला. मी घास चावत होते आणि मला त्याची चव लागत नव्हती.

नयना सतरा मतांनी निवडून आली.

मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा यमुनाक्का पुढे होत्या, अंगभर गुलाल. आमचे हे उरलेल्या झेंड्यांच्या कापडाच्या पिशव्या शिवत दुकानाच्या पायरीवर बसले होते. दोन्ही रंगांच्या. "बाजाराला लागतात," म्हणाले.

मग आम्ही तिसऱ्यांदा घरोघर फिरून चिठ्ठ्या गोळा केल्या. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून मी माडीवर चहा घेऊन गेले, तर शर्वरी जमिनीवर चिठ्ठ्यांच्या गराड्यात बसली होती. केस विस्कटलेले.

"काकू, माझं काहीतरी चुकून राहिलं. बासष्टातल्या अठ्ठावीस बाया फिरल्या. मी तीनदा मोजलं."

"चहा घे."

"पहिल्या दोन्ही खेपेला पक्क्या होत्या न त्या. मग शेवटच्या चार दिवसांत झालं काय? पत्र नाही, सभा नाही. मॅडमला काय सांगू मी?" तिनं एक कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही एवढी सही करून द्या. काम संपल्याची. सगळे नियम पाळले म्हणून."

मी पेन घेतलं. कागद छापील होता, खाली माझं नाव होतं. मंदाकिनी हेंद्रे. एका सहीनं सगळं मिटत होतं. तिला कधीच कळलं नसतं.

मी पेन ठेवलं, खाली गेले, अन्नपूर्णेच्या पाटाखालचा कागद काढला आणि वर आणला. त्यावर कुंकवाचा डाग पडला होता.

"हे मी मोडलं," मी म्हणाले.

तिनं कागद बघितला, मग मला. "केव्हा?"

"गुरुवारी. भरीत खाताना."

सगळं सांगितलं. ती चहा हातात धरून ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "पण तुम्ही काही बोलल्याच नाहीत."

"यात 'करणार नाही' असंही लिहिलंय. आणि न बोलणंच तर केलं मी. मौन लपायला वापरलं. तोंडात घास नसता तर मी काय बोलले असते, ते तिथल्या प्रत्येकीला कळलं."

शर्वरीला आधी हसू आलं. मोठ्यानं हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते हसू कुठेतरी गेलं आणि पाणी तेवढं राहिलं.

"मग हा प्रभाग मला काढून टाकावा लागते, काकू. आपल्याच माणसानं हात लावला तर ती माहिती धरत नाहीत."

"किती जाईल?"

"एक प्रकरण. आठ महिने."

मी तिच्या हातातला गार झालेला कप घेतला.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं न," ती म्हणाली. रागानं नाही. नुसतं म्हणाली.

"मला कळलं होतं ना, बाळ."

तिनं त्या बासष्ट नावांचं पान वहीतून काढलं. फाडलं नाही, घडी घालून मला दिलं. "ठेवा तुमच्या देवाजवळ. माझ्या तर कामाचं नाही राहिलं." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पुढे दोन वर्षांनी तिनं प्रबंध पूर्ण केला, दुसऱ्या कुठल्या तालुक्यावर. मला एक प्रत पाठवली. त्यात आमच्या गावाबद्दल एकच ओळ आहे, की येथील माहिती वगळली आहे.

ती गेली त्याच दिवशी मी साडेबाराला पान वाढून घेतलं. भूक नव्हती. बावीस वर्षांचा तोरा उतरला होता आणि मन कसं ओकंबोकं झालं होतं. तेवढ्यात दारातून आवाज.

"बसलीस का?"

यमुनाक्का पेढे घेऊन आल्या होत्या. भिंतीला टेकून बसल्या. मी अजून पहिला घास घेतला नव्हता, म्हणून म्हणाले, "आक्का, आता बाजारात पाणी प्यायला लागा."

"पिईन की." त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि आतून एक पुडी काढून माझ्या पाटापाशी ठेवली. गुलाबी कागदाची, कडेला नक्षी.

मी पुडीकडे बघत राहिले. "ही कुठली?"

"माझी. ढोण्यांकडची."

"पण तुमची तर तुम्ही सगळ्यांच्या आधी ओतलीत. कागद झटकून दाखवलात."

"कागद मी दुसरीचा मागून घेतला होता. आत घरातली हळद. देवाला हळद चालतीच की."

"मग मत?"

यमुनाक्कांनी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं. "चंद्रकलाला दिलं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"बघू नकोस अशी. मल्हारीचं नाव घेऊन तोंडानं म्हटलं होतं मी. फसवून म्हणवलं हे खरंय, पण तोंड माझंच होतं ना. तू बावीस वर्षं जेवताना कुणाला 'हूं'सुदीक म्हणाली न्हाईस. एकदा तुझ्या पाटाशेजारी विंचू निघाला तर ताट वाजवलंस, पण शब्द काढला न्हाईस. ते मी बघितलंय. रविवारी त्या मशीनपुढं उभी राहिले आणि तूच आठवलीस. म्हटलं, मंदा काय करंल? मंदा शब्द मोडायची न्हाई. दाबलं बटण."

"मग त्या दिवशी तळीत..."

"त्या सगळ्या नुसत्या बसून होत्या. मी न्हाई ओतलं तर कुणीच ओतणार न्हाई हे दिसत होतं मला. नयनाची सासूच मागं राहिली म्हटल्यावर कोण पुढं येतंय?" त्यांनी पेढ्याचा पुडा सोडला. "माझं एक मत गेलं ना तिचं. म्हटलं, त्याच्या बदल्यात चार आणून देऊ. सोड बाई, नयनाला कधी सांगू नकोस. मी असेपर्यंत तरी."

मी सांगितलं नाही. यमुनाक्का जाऊन आता तीन वर्षं झाली. बाजारतळावरच्या त्या स्वच्छतागृहाला नयनानं त्यांचं नाव द्यायचं म्हटलं तेव्हा त्या हयात होत्या आणि आठवडाभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या. हे लिहिलेलं मी आधी नयनालाच वाचायला देणार आहे.

पण त्या दुपारी मी काही सुचेनासं होऊन त्या गुलाबी पुडीकडे बघत बसले होते. शर्वरीला मी सांगितलं होतं की त्या अठ्ठावीस बायका माझ्यामुळे फिरल्या. आणि जिच्यासाठी मी माझा शब्द मोडला होता, तिनं माझ्याकडे बघून स्वतःचा पाळला होता.

"आता मत देऊन झालं, आण फिटली," यमुनाक्का म्हणाल्या. "आता ती पुडी तुझ्या देवापुढं ओत. रीतीनं." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मंदा, सुनेच्या विरोधात मत दिलं मी. माझ्यासाठी उभी राहिलेली पोर ती. बरोबर केलं का गं?"

घास माझ्या बोटांत होता, ओठांपर्यंत आलेला. तोंडात घातला असता तर काहीच बोलावं लागलं नसतं.

मी तो परत ताटात ठेवला.

"तुम्ही बरोबर केलंत, आक्का," मी म्हणाले. "माझं चुकलं होतं."

"तुझं? तुझं काय चुकायचंय?"

मी त्यांना सगळं सांगितलं, पेन ठेवल्यापासून घडी घातलेल्या कागदापर्यंत. सांगून होईस्तोवर आमटीवर साय धरली. यमुनाक्का आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाटासमोर गप्प बसून ऐकत होत्या.

मग त्यांनी एक पेढा माझ्या ताटात ठेवला आणि आमटीची वाटी उचलली.

"आण, गरम करून आणते," म्हणाल्या. "आणि मग जेव गपचूप. मला नयनाच्या मिरवणुकीचं सांगायचंय, आणि तू मधे बोललीस की माझा धागा तुटतो."